एकोणिसावं वळण, सकाळी आठच्या आत

६ एप्रिल

भिंगरे,

बरी आहेस ना, आम्ही इकडे मजेत, असलं काही मी लिहिणार नाही. चार वर्षांत तू माझा एकही फोन उचललेला नाहीस, तेव्हा क्षेमकुशल गेलं खड्ड्यात. मी रागात आहे आणि रागातच लिहितो आहे.

तुझ्या सहलीचं पत्रक तू आईला पाठवलंस. तिने ते वाचून माझ्या चहाच्या कपाखाली सरकवलं आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर निघून गेली. या बाईला मी छत्तीस वर्षं ओळखतो. बादलीत दोन टॉवेल होते आणि ती पाऊण तास वर होती.

“मोसमातली पहिली सायकल सफर. खिंडीचा रस्ता एक मेला गाड्यांसाठी उघडतो. त्याआधीचे चार दिवस फक्त सायकलींचे. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि मधून आपण!” वा. छान लिहिलंयस. त्या भिंती आपोआप उभ्या राहिलेल्या नाहीत बरं का. अठ्ठावीस वर्षं फाळ लावलेल्या मशीनवर बसून त्या मी कापल्यात, आणि आता माझ्या हाताखालचा बारक्या फोरमन होऊन कापतोय. पत्रकात बर्फ काढणाऱ्या आमच्या गँगचं नाव कुठे दिसलं नाही मला. असो.

आता मुद्द्यावर येतो. तुझं वेळापत्रक: रविवार २७. नऊला फाटकातून सुरुवात. दीडला एकोणिसावं वळण, “तिथे प्रशस्त सपाट जागा असल्याने” जेवण, विश्रांती, फोटो, पाऊण तास. तीनला खिंड. मुक्काम पलीकडच्या गावात. बुधवारी ३० तारखेला याच रस्त्याने, याच वेळेला परत.

अगं, अक्कल गहाण टाकलीस का? ती जागा सपाट का आहे हे कधी स्वतःला विचारलंस? सगळा डोंगर उभाच्या उभा आणि नेमकं तिथेच अंगण कोणी केलं? वरून येणाऱ्या बर्फाच्या लोंढ्यांनी केलं, बाई! शेकडो वर्षं दगडमाती आणून आणून केलं. आणि तू तिथे आठ माणसांना डबे उघडून बसवणार, तेही दुपारी दीडला! एकोणिसाव्याच्या वरचा उतार पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी तो गोठलेला, दगडासारखा. ऊन त्याच्यावर चढतं बारानंतर.

तुझा हिशेब मला कळतो, मी काही अगदीच ढ नाही. सकाळी रस्त्यावर पाण्याचा बर्फ झालेला असतो, सायकल घसरते, म्हणून ऊन वर येऊ द्यायचं. सायकलवाले सगळे हेच करतात. तुमचे डोळे टायरखाली. रस्ता सुटतो तेव्हा उतारही सुटतो, हे तुमच्या गावीही नसतं.

तुझं वेळापत्रक लाल पेन्सिलने दुरुस्त करून सोबत जोडलंय. शनिवारी दुपारी निघा, बाराव्या वळणापाशी गँगची खोली आहे, शेगडी आहे, तिथे झोपा. पहाटे उजाडताच निघून आठच्या आत एकोणिसावं ओलांडा. जेवण खिंडीत. येतानाही तसंच, आठच्या आत.

आणि एक. चार वर्षांपूर्वी फाटकावर मी तुला अडवलं ते बरोबरच केलं होतं. तेही या निमित्ताने सांगून ठेवतो.

तुझा बाप
(तुला मान्य असो नसो)


१२ एप्रिल

भिंगरे,

कार्ड मिळालं. केवढं मोठं कार्ड आणि त्यावर एवढंसं वाक्य! “बर्फाबद्दल तुमचा शब्द? आधी फावडं खाली ठेवा, मग बोला.” खाली सही पण नाही. टपालवाल्याने वाचलं असणार, कारण देताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

नाकाला मिरच्या झोंबाव्यात म्हणूनच लिहिलंस ना? झोंबल्या. खूश?

तो किस्सा मीच तुला सांगितला होता. तू आठ वर्षांची होतीस, गोवर आला होता, आणि तीन रात्री तोच तो किस्सा ऐकायला मागायचीस. आमच्या गँगमधला तो गप्पिष्ट. सगळे चहा पीत बसलेले असताना गंमत म्हणून “लोंढा आला!” ओरडला. चहा सांडला, दोघं चौघं खड्ड्यात उड्या मारून पडले, आणि हा पोट धरून हसतोय. तेव्हाचे आमचे फोरमन उठले, त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि त्याला पायी खाली पाठवून दिलं. पुन्हा त्याला कोणी गँगमध्ये घेतलं नाही. बर्फाच्या नावाने खोटं बोलायचं नाही, थट्टेतसुद्धा नाही. हा एकच कायदा आमच्याकडे. बाकी शिव्या द्या, झोपा काढा, चालतं.

मीच शिकवायचं आणि माझ्यावरच उलटवायचं! उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्या वर्षी उतार कच्चा होता, कधीही सुटेल असा. मी फोरमन होतो, माझा शब्द शेवटचा होता. फाटकवाल्याच्या वहीत त्या दिवशीच्या पानावर “उतार पक्का” असं लिहिलेलं तू बघितलंस, ते बारक्याने लिहिलं होतं. बारक्याचं काय घेऊन बसलीस? तो सकाळी सहाला वर गेला होता, मी तुला दहाला अडवलं. चार तासांत बर्फ बदलतो. वहीतलं पान बदलत नाही.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाची टोळी त्याच रस्त्याने गेली आणि धडधाकट परत आली, हेही तू ऐकवशील. गेली असेल. नशीब त्यांचं.

माझं म्हणणं या वर्षीचं आहे. त्या वर्षीचं उकरून काढू नकोस. वेळ बदललीस का? एवढंच हवंय मला, हो किंवा नाही. कार्डावर भरपूर जागा असते.

बाप


१७ एप्रिल

कार्ड नाही, काही नाही. तुझी आई फोनवर तुझ्याशी दार लावून बोलते आणि बाहेर येऊन म्हणते, “बरी आहे.” एवढं मलाही कळतं की बरी आहे. वेळ बदलली का, विचारलं, तर म्हणाली, “मी तुमची पोस्टमन नाही.” दोघी मिळून मला वेड लावणार आहात.

म्हणून काल मीच वर गेलो. बारक्याच्या गाडीत. (तो बारक्या आता शंभर किलोचा आहे, तरी बारक्याच.) रस्ता खिंडीपर्यंत साफ झालाय. एकोणिसाव्यावर भिंत माझ्या दुप्पट उंच आहे. फाळाने कापलेली भिंत म्हणजे अख्खा हिवाळा उभा चिरलेला असतो, खालून वर वाचत जायचं. तळाशी ऑक्टोबर. या वर्षी ऑक्टोबरात थोडाच पडला आणि महिनाभर तसाच उघडा राहिला. हातमोजा काढून तळाच्या थरात बोटं घातली. हात मनगटापर्यंत आत गेला आणि भुसभुशीत साखर सांडावी तसा बर्फ भसाभसा बाहेर आला. त्या साखरेवर सगळा जानेवारी-फेब्रुवारी बसलाय. आतापर्यंत थंडीने धरून ठेवलंय. पाणी मुरत मुरत तळाला गेलं की कशाला धरून राहणार? आणि दुर्बिणीतून वर बघितलं तर उताराच्या माथ्यावर आडवी भेग आहे. दोन बोटं रुंद काळी रेघ दिसते.

बारक्याला म्हटलं, सायकली दुपारी सोडू नकोस. तो म्हणतो, “काका, अकरा वर्षांत एकोणिसाव्यावर काही आलेलं नाही. भेग दरवर्षी असते. वरून हुकूम आहे, चार दिवस सायकलींना दिवसभर रस्ता खुला.” मी म्हटलं, भिंतीत हात घालून बघ. त्याने घातला, झटकला आणि म्हणाला, “तुम्ही म्हणता म्हणून बघितलं. पण काका, राग मानू नका, चार वर्षं झाली, तुम्ही उताराबद्दल काही म्हणालात की मी परत जाऊन स्वतः बघून येत होतो. दोन वर्षं, तुम्ही रिटायर होईपर्यंत.”

राग मानू नका म्हणे! हा माणूस माझ्या हाताखाली फावडं धरायला शिकला. दोन वर्षं हा माझ्यामागून जाऊन तपासत होता आणि मला पत्ता नाही! गाडीतून उतरून मी चौदाव्या वळणापर्यंत चालत आलो. मग गुडघे बोलायला लागले तेव्हा मुकाट्याने परत गाडीत बसलो.

बरं. त्या वर्षी उतार तेवढा कच्चा नव्हता. झालं समाधान? माणूस आहे, अंदाज चुकतो. आता तरी वेळ बदल.

बाप


२१ एप्रिल

भिंगरे,

काल तुझ्या आईशी भांडण झालं. असं भांडण आमच्यात तू जन्मल्यापासून झालं नव्हतं.

सुरुवात माझीच. मी म्हणालो, पोरीला एवढा कसला ताठा, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आई भांडी पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं. म्हणाली, “तुम्हाला माहीत आहे का, फाटकावरून परतल्यावर ती दोन हिवाळे काय करत होती? परक्याच्या दुकानात पंक्चर काढत होती. हात सोलवटून जायचे गार पाण्यात. ट्यूब बुडवायला गरम पाणी देत नसत. अकरा माणसं पहिल्याच सफरीला फाटकावरून परत गेली, त्यातलं एकही पुन्हा तिच्याकडे आलं नाही. म्हणत होते, सख्ख्या बापाने जिला रस्ता दिला नाही, तिच्यामागे कोण जाणार? आणि तुम्ही इथे बसून अंदाज चुकला म्हणून लिहिता? मला वाचून दाखवलंत ते पत्र! मला!”

मग म्हणाली, “तिला खरं सांगा, नाहीतर लिहू नका. तिच्या जागी मी असते तर मीही दीडलाच गेले असते.”

मी उठून बाहेर गेलो. बसस्टॉपवर बसलो. तीन बस गेल्या. तिसऱ्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, “बसायचंय का नाही?” मी त्याच्यावरही ओरडलो.

आता ऐक. मी एकदाच लिहिणार आहे आणि पुन्हा विचारलंस तर मी नाकारीन, नाही, नाकारणार नाही.

त्या दिवशी मी उतार बघितलाच नव्हता.

सकाळी वर गेलोच नाही. खोलीत बसून होतो. बारक्याने खाली येऊन “पक्का” सांगितलं, वहीत लिहिलं, ते मला माहीत होतं. आदल्या महिन्यात तू शाळेतली कायमची नोकरी सोडलीस. गणिताची बाई! मुलं तुझ्या नावाने चळाचळा कापायची आणि तरी तुझ्या मागे मागे फिरायची. ती नोकरी सोडून तू लोकांना सायकलवर डोंगर दाखवणार होतीस. मी किती डोकं आपटलं, तू ऐकलं नाहीस. मग माझ्या मनात आलं, पहिली सफर फसली की येईल वळणावर. जाईल परत शाळेत. मी दहा वाजता फाटकावर आलो, तुझ्या अकरा माणसांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “एकोणिसाव्याच्या वरचा उतार कच्चा आहे. फाटक उघडणार नाही.”

तू एका शब्दाने वाद घातला नाहीस. हेच मला चार वर्षं खातंय. तू लगेच मागे वळून त्यांना म्हणालीस, “बाबा म्हणाले म्हणजे नाहीच जायचं. बर्फाच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द.” हसत म्हणालीस. अभिमानाने. आणि मी तिथे शिट्टी गळ्यात घालून उभा. तेव्हा जरी तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं. मी मूग गिळून गप्प बसलो.

आठ दिवसांनी तू वही बघितलीस आणि घरी येऊन विचारलंस, “बाबा, खरं सांगा.” तर चोराच्या उलट्या बोंबा, मीच तुझ्यावर ओरडलो की फोरमनवर संशय घेतेस.

झालं. लिहिलं. अक्षर लागत नसेल तर आईला विचार, तिला लागतं.

पण म्हणून या वर्षीची भेग खोटी होत नाही गं! मी खोटारडा आहे हे मान्य. ती साखर खरी आहे. तू मला जन्मभर क्षमा करू नकोस, चालेल. घरी येऊ नकोस. माझ्या मयताला सायकलवरून येऊन लगेच परत जा. पण एकोणिसाव्यावर दुपारी थांबू नकोस.

बाप


२४ एप्रिल

भिंगरे,

काल फावडं खाली ठेवलं.

तू कार्डावर लिहिलं होतंस म्हणून नाही. म्हणजे म्हणूनच. संध्याकाळी फाटकाजवळच्या खोलीत सगळी गँग असते, नऊ जण, पाय शेगडीकडे करून. मी आत गेलो आणि माझं फावडं बारक्याच्या पुढ्यात जमिनीवर ठेवलं. मी म्हणालो, चार वर्षांपूर्वी मी फाटकावर बर्फाच्या नावाने खोटं बोललो. उतार न बघता कच्चा म्हणालो. माझ्या पोरीची सफर मोडायला. तुम्ही मला तेव्हा पायी खाली पाठवायला हवं होतं.

मला वाटलं, कोणीतरी दोन शिव्या घालेल. बरं वाटलं असतं. बारक्याने फावडं उचललं, दांडा उलटा करून नंबर बघितला आणि म्हणाला, “काका, हे सरकारी आहे. दोन वर्षं झाली, जमा करायचं राहिलंय तुमचं.”

हसले सगळे. मी नाही हसलो. इतका संताप आला म्हणून सांगू! मी इथे काळीज काढून ठेवतोय आणि हा नंबर वाचतोय!

मग बाकीचे बाहेर गेल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “मला तेव्हाच माहीत होतं. वहीतलं ते पान मी फाडू शकलो असतो. नाही फाडलं. म्हटलं, तिला कधीतरी दिसू दे.” एवढं सगळं मनात ठेवून हा माणूस दर दिवाळीला माझ्यासमोर बसून चहा पीत होता! मी म्हटलं, मग आता तरी दुपारी फाटक बंद ठेव. म्हणाला, “ते माझ्या हातात नाही. वरचे म्हणतात, पुरावा काय? तुमची बोटं?” पण त्याने दोन गोष्टी केल्या. बाराव्यावरच्या खोलीची चावी फाटकवाल्याकडे ठेवली, तुझ्या नावाने. आणि म्हणाला, सकाळी सायकली घसरू नयेत एवढंच ना? सतराव्या वळणापासून पुढे कच टाका. बारीक खडीची कच टाकली की टायर धरतो. “ट्रकभर कच देतो, तिथे ओतून ठेवतो. माणसं देणार नाही, माणसं खिंडीत आहेत.” आणि फावडं माझ्या हातात परत दिलं. “रविवारनंतर जमा करा.”

वेळ बदललीस का हे मी आता विचारणार नाही. विचारून विचारून तोंड दुखलं. सकाळचा रस्ता मी तयार ठेवणार आहे. त्यावर कोणी यायचं की नाही, ज्याचं तो बघेल.

बाप

ता. क. आई म्हणते, फोनवर तू म्हणालीस, “आठ माणसं माझ्या भरवशावर येणार आहेत. बघते.” बघते म्हणजे काय? माणसाने सरळ बोलावं.


२६ एप्रिल, दुपार

फाटकवाल्याकडे ही चिठ्ठी ठेवतो आहे. तू आज दुपारी आलीस तर तो देईल. उद्या नऊला आलीस तर फाडून टाक म्हणून सांगितलंय.

सतरा ते एकवीस कच टाकून झाली. दोन दिवस लागले. एका घमेल्यात तीन पावलं रस्ता होतो. बासष्टाव्या वर्षी माणसाने असले धंदे करू नयेत. पाठ सरळ होत नाही, आणि तुझी आई तेल लावताना नको तितक्या जोरात चोळते.

शेवटच्या माणसाच्या मागे तू राहू नकोस, पुढे राहा. एकोणिसाव्यावर एकमेकांत पन्नास पावलांचं अंतर. थांबायचं नाही, फोटो नाही, बोलायचं नाही. शिट्टी ऐकू आली तर सायकल टाकून भिंतीला चिकटा.

मी तिथे असेन. माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. रस्त्याकडे बघ.


२८ एप्रिल

भिंगरे,

हे पत्र बारक्याचा मशीनवाला पलीकडच्या गावात आणून देईल. हातात मिळाल्याबरोबर वाच, कारण बुधवारी तुला याच रस्त्याने परत यायचंय.

आधी काल सकाळचं. तुम्ही सव्वासातला एकोणिसाव्यावर आलात. मी आधी दिवे मोजले, मग माणसं मोजली. आठ आणि तू. तू पुढे होतीस. पन्नास पावलं सोडून बाकीचे येत होते, कोणी बोलत नव्हतं. माझ्यासमोर येऊन तू एक पाय टेकलास. मी म्हटलं आता काहीतरी बोलेल. चार वर्षांनी बोलेल. तू खाली रस्त्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, “विसाव्या वळणावर कच कमी पडलेली दिसतेय इथून.” आणि गेलीस!

कमी पडली म्हणे! दोन दिवस कंबर मोडून टाकली, आणि ही महाराणी सायकलवर बसून तपासणी करतेय! मी मागून ओरडणार होतो. पण तिथे ओरडायचं नसतं. तुझ्या मागच्या पिवळ्या टोपीवाल्या बाईने जाता जाता विचारलं, “तुम्ही त्यांचे कोण?” मी म्हटलं, मी कचवाला.

विसाव्यावर खरंच कमी पडली होती. बघून आलो. शेवटी शेवटी मी घमेली अर्धी भरत होतो.

आता दुसरी गोष्ट. तुला ही दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत मी स्वतः कळवतो आहे. म्हणून हे पत्र.

उतार आला नाही.

काल दिवसभर मी एकोणिसाव्याच्या अलीकडे डबा घेऊन बसलो होतो. बाराला ऊन चढलं. एकला भिंतीतून पाणी ठिबकायला लागलं. दीडला दुसरे सायकलवाले आले, चाळीसेक असतील. मी त्यांना परत फिरवायला बघितलं, त्यांनी मोबाईलवरचा परवाना माझ्या नाकासमोर धरला. निदान थांबू नका म्हटलं, तर त्यातल्या सहाजणांनी तुझ्याच त्या प्रशस्त सपाट जागेवर बसून केळी खाल्ली. मी शिट्टी तोंडात धरून अर्धा तास उभा होतो, जबडा आखडला. काही झालं नाही. सालं टाकून निघून गेले. साडेतीनला रस्ता पूर्ण रिकामा होता. तेव्हा, भिंगरे, मी वर बघून म्हणालो, “पड ना आता! एकदाचा पड!” मोठ्याने म्हणालो. मला तो पडायला हवा होता. तुला कळावं म्हणून, बारक्याला कळावं म्हणून. तो पडला नाही. मला माझीच इतकी लाज वाटली की मी केळ्यांची सालं गोळा करत बसलो.

संध्याकाळी बारक्याने फाटकाच्या वहीत लिहिलं, “उतार जागेवर.” मला वाचून दाखवलं. हसला नाही, तेवढं बरं. आज दिवसभर मी परत तिथे होतो. आजही नाही आला.

बुधवारी परत येताना तुला फाटकवाला सांगेल, गँगवाले सांगतील, ती वही तर तू बघशीलच, मला माहीत आहे. सगळे म्हणतील, म्हातारा उगाच घाबरवत होता. तू म्हणशील, परत तेच. म्हण. मी चुकलेला असू शकतो. अठ्ठावीस वर्षांत सात वेळा चुकलोय, तारखा देतो हव्या तर. पण या वेळी मी बघून बोललो. हात घालून, दुर्बीण लावून, भेग मोजून बोललो. आज भेग परवापेक्षा रुंद आहे, दुर्बिणीत दोन बोटं दिसत होती ती तीन दिसतात. हेही बघून लिहितोय.

नुसतं “अजून धोका आहे” एवढंच लिहिलं असतं आणि उतार आला नाही हे गाळलं असतं, तर तू नक्की सकाळी निघाली असतीस. मनात आलं होतं. कागद फाडून पुन्हा लिहायला घेतला. तू सगळं वाचून ठरव.

तुझा मागचा ब्रेक चढावर कुरकुरत होता. रबर झिजलंय. उतरणीला लागायच्या आधी बदल, पंक्चरच्या दुकानात दोन हिवाळे काढलेल्या बाईला हे सांगावं लागू नये.

बुधवारी मी तिथे असेन. फावडं अजून जमा केलेलं नाही. विसाव्या वळणावर आज अकरा घमेली टाकली, काठोकाठ भरून.

बाबा